‘घाशीराम’चा दिग्दर्शक कुठे गेला?

१/
दर काही महिन्यांनी ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकावरून समाजमाध्यमांवर लढाई पेटते. एका बाजूने ‘नाना फडणवीसांची बदनामी’ अशी हाकाटी होते, दुसऱ्या बाजूने ‘पेशवाईचे खरे रूप’ असा जयघोष होतो. दोन्ही पक्ष इतिहासाचे नाव घेऊन बोलतात आणि दोन्ही पक्षांच्या हातात एकच वस्तू असते: विजय तेंडुलकरांची छापील संहिता. पुष्कळदा तीही नसते. तिच्या एखाद्या पानाचे छायाचित्र असते.

२/
या धाग्यात मला दोन्ही पक्षांशी भांडायचे आहे. पन्नास वर्षांपूर्वी ज्या गोष्टीने पुणे ढवळून निघाले ती छापील पानांत अर्धीमुर्धीच सापडते. उरलेली गोष्ट तीस वर्षांच्या एका डॉक्टरने, बहुतांशी हौशी नटांना हाताशी धरून, रिकाम्या रंगमंचावर उभी केली. त्याचे नाव जब्बार पटेल. इतिहासाच्या वादात हे नाव जवळजवळ कधीच येत नाही. येते तेव्हा कोणत्या कारणाने येते, ते पुढे सांगतो.

३/
आधी दप्तरातला घाशीराम. घाशीराम सावळदास हा औरंगाबादेकडून आलेला उत्तर हिंदुस्थानी ब्राह्मण. सवाई माधवरावांच्या काळात, नाना फडणवीसांच्या कारभारात, तो पुण्याचा कोतवाल झाला. कोतवाल म्हणजे केवळ पोलीस अधिकारी नव्हे. चोऱ्या, किरकोळ तंटे, बाजार, परगावच्या माणसांची ये-जा, रात्रीच्या तोफेनंतर रस्त्यावर सापडलेल्यांची धरपकड, हे सारे कोतवाली चावडीच्या अखत्यारीत येई. शहर वाढत होते आणि त्याबरोबर या माणसाचा हातही लांब होत गेला.

४/
ऑगस्ट १७९१ च्या अखेरीस त्याचा शेवट झाला. कोतवालीच्या माणसांनी कोंडून ठेवलेल्या तैलंगी ब्राह्मणांपैकी अनेक जण गुदमरून मेले. शहरातला जमाव न्याय मागत नानांच्या दाराशी गेला. नानांनी अखेर घाशीरामला जमावाच्या स्वाधीन केले आणि लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. ही घटना खरी आहे. तिच्याबद्दल मराठी व इंग्रजी, दोन्ही बाजूंची साधने बोलतात. गुदमरून मेलेल्यांचा आकडा मात्र साधनागणिक बदलतो, म्हणून तो मी येथे देत नाही.

५/
आता नाटकातला घाशीराम. पुण्यात येऊन अपमानित झालेला, चोरीच्या आळात सापडलेला हा ब्राह्मण सूडापोटी आपली कोवळी मुलगी ललितागौरी नानांच्या हवाली करतो आणि मोबदल्यात कोतवाली मिळवतो. या सौद्याला कागदपत्रांत आधार नाही. नाही म्हणजे नाही. ‘कदाचित असेलही’, ‘दडपले असेल’ वगैरे पळवाटा इतिहासाच्या विद्यार्थ्याने वापरू नयेत.

६/
तेंडुलकरांनी स्वतः हे नाटक ऐतिहासिक नसल्याचे सांगितले होते. विशिष्ट समाजस्थिती घाशीराम जन्माला घालते, तिचा हा शोध आहे, अशी त्यांची भूमिका होती. सत्ताधारी आपल्या सोयीसाठी एखादी दंडशक्ती वाढवतात आणि काम झाल्यावर तिला जमावापुढे टाकतात, हे त्यांनी आपल्याच काळात, आपल्याच राज्यात पाहिले होते.

७/
म्हणून पहिल्या पक्षाला उत्तर: ज्या नाटकाच्या लेखकानेच ‘हा इतिहास नाही’ म्हटले, त्याला इतिहासाच्या न्यायालयात उभे करून तुम्ही सोपा खटला जिंकता. दुसऱ्या पक्षाला उत्तर: पेशवाईतल्या पुण्याच्या जातिव्यवस्थेविषयी बोलायचे तर पेशवे दप्तर आहे, न्यायनिवाड्यांचे कागद आहेत, कोतवालीचे हिशेब आहेत. मोडी शिका आणि वाचा. १९७२ सालच्या नाटकातले गाणे १७९१ सालचा पुरावा म्हणून चिकटवू नका. मोडी शिकायला फार वर्षे लागत नाहीत. चिकाटी तेवढी लागते.

८/
येथवर बहुतेक सुज्ञ वाचक सहमत असतील. माझा खरा वाद यापुढे सुरू होतो. ‘नाटक हा इतिहास नाही’ एवढे म्हणून आपण फाइल मिटतो. पण नाटकाचा प्रयोग ही स्वतःच एक ऐतिहासिक घटना असते, आणि तिचे साधन म्हणून संहिता अपुरी पडते. घाशीराम प्रकरणाचा इतिहास लिहायचा तर तो १७९१ चा नसून १९७२ चा लिहिला पाहिजे. आणि १९७२ चा इतिहास दिग्दर्शकाला वगळून लिहिता येत नाही.

९/
साधा प्रश्न विचारू. पुण्यात काय थांबवले गेले? पुस्तक? नाही. थांबवले गेले ते प्रयोग.

१०/
१६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, म्हणजे पीडीए या संस्थेने ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग केला. १९ प्रयोगांनंतर संस्थेचे अध्यक्ष भालबा केळकर यांनी ते बंद केले. नाटक ब्राह्मणविरोधी आहे, नानांची अप्रतिष्ठा करणारे आहे, हे आरोप तोवर शहरभर झाले होते. लक्षात घ्या, नाटक थांबवणारी सरकारी यंत्रणा नव्हती. नाटक करणारी संस्थाच ते थांबवत होती.

११/
याची त्याच वर्षीच्या दुसऱ्या वादाशी तुलना करा. ‘सखाराम बाइंडर’ हेही तेंडुलकरांचेच. तेथे झगडा रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाशी होता, कारण मंडळ संहिता वाचते आणि शब्दांवर बोट ठेवते. दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयापर्यंत लढले आणि जिंकले. तो शब्दांचा खटला होता. घाशीरामच्या बाबतीत मुख्य संघर्ष मंडळाशी झाला नाही. कागदावर वाचताना जे खपले, ते डोळ्यांदेखत घडताना लोकांना सोसले नाही. मग त्या दोहोंच्या मधली जागा कोणाची?

१२/
ती जागा कशाने भरली होती ते पाहू. पडदा उघडतो तेव्हा समोर नेपथ्य म्हणावे असे काही नाही. बारा ब्राह्मणांची एक रांग आहे. ती गाते, डोलते, गणेश आणि सरस्वती यांच्या आगमनात सामील होते. मग हीच रांग प्रेक्षकांकडे पाठ फिरवते आणि भिंत होते. भिंतीआड काहीतरी चालले आहे हे कळते, दिसत नाही. क्षणात भिंत वळते आणि भजनी मंडळ होते. पुन्हा फुटते आणि बावनखणीची गर्दी होते, नानांच्या वाड्यातला लवाजमा होते, अखेरीस दगड मारणारा जमाव होते.

१३/
हा मानवी पडदा कोकणातल्या खेळ्यांतून आला. त्याची कल्पना तेंडुलकरांची, हे निर्विवाद आहे आणि संहितेतही ते आहे. माझे विरोधक येथेच मला अडवतील: ‘मग दिग्दर्शकाने काय केले? लिहिलेले उभे केले, एवढेच ना?’

१४/
एवढेच! ‘मंदिराचा आराखडा होता, पाथरवटाने फक्त दगड रचले’ म्हणण्यासारखे हे आहे. ‘भिंत वळते’ हे दोन शब्द लिहायला लेखकाला क्षण पुरतो. बारा माणसे एकाच मात्रेवर, एकाच श्वासावर वळावीत, वळताना त्यांच्या चेहऱ्यावरचा भक्तिभाव तसाच राहावा आणि पाठीमागे जे घडते त्याचा त्यांना जणू पत्ताच नसावा, हे तालमींतून घडवावे लागते. नाटकाचा सारा अर्थ त्या वळण्यात आहे. अत्याचार नाना करतात, घाशीराम करतो. भिंत मात्र शहर होते. पाठ फिरवणारे, गाणारे, पुन्हा सोज्वळ चेहऱ्याने समोर येणारे शहर.

१५/
आणि हे घडत होते सदाशिव पेठेत. शनिवारवाडा तेथून चालत जाण्याच्या अंतरावर, बुधवारातली बावनखणीही तशीच. ज्या पेठांची नावे रंगमंचावर घेतली जात होती त्याच पेठांतून प्रेक्षक आलेले होते. पुस्तकात हा नकाशा नाही. मुंबईत, दिल्लीत किंवा बर्लिनमध्ये पाहणाऱ्याला तो जाणवणार नाही. पुण्यातल्या प्रेक्षकाला मात्र आपल्या गल्लीचे नाव ऐकू येत होते आणि पुढ्यात त्या गल्लीची पाठ दिसत होती.

१६/
संगीताचे तेच. भास्कर चंदावरकर सतारीचे जाणकार, पंडित रविशंकर यांचे शिष्य. त्यांनी कीर्तन, भजन, अभंग आणि लावणी ही सारी पोत एकमेकींना लावून ठेवली. पवित्र मानलेल्या चालीच्या पोटातून शृंगाराचा ठेका निघतो आणि त्याला वेगळा कप्पा मिळत नाही. नृत्याची आखणी कृष्णदेव मुळगुंद यांची. संहिता वाचणाऱ्याला एका ओळीखाली दुसरी ओळ दिसते. ऐकणाऱ्याला मात्र देवळातून कोठीत जाताना उंबरठाच लागत नाही. लोक संतापले ते या नसलेल्या उंबरठ्यामुळे, असे माझे मत आहे. आणि ते मत मी पुराव्याने मांडणार आहे.

१७/
पुरावा असा. १९७६ साली ‘घाशीराम कोतवाल’ या नावाचा चित्रपट झाला. युक्त फिल्म को-ऑपरेटिव्ह या संस्थेच्या तरुण मंडळींनी तो सामूहिकपणे केला. मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा, कमल स्वरूप ही नावे त्यामागे होती. पटकथा तेंडुलकरांची. नाना तेच, मोहन आगाशे. घाशीरामच्या भूमिकेत ओम पुरी, त्यांच्या कारकिर्दीच्या अगदी आरंभी.

१८/
लेखक तोच, विषय तोच, नानाही तेच. हा चित्रपट पाहिला तर रंगमंचावरच्या घाशीरामशी त्याचे नाते ओळखायलाही सायास पडतात. तो संथ, वैचारिक, इतिहासाच्या रचनेविषयी प्रश्न विचारणारा चित्रपट आहे; आपल्या परीने महत्त्वाचाही आहे. पण त्याने पुणे पेटले नाही. ‘सारे तेंडुलकरांच्या शब्दांत होते’ म्हणणाऱ्यांनी या एका उदाहरणाचे उत्तर द्यावे. रसायनशास्त्रात एक घटक बदलून प्रयोग करतात, तसा हा प्रयोग इतिहासाने आपल्यासाठी करून ठेवला आहे.

१९/
(नाटक आणि चित्रपट ही माध्यमेच वेगळी, त्यामुळे तुलना अयोग्य, असा आक्षेप येईल. तो अंशतः मान्य. पण मग ‘माध्यम बदलले की अर्थ बदलतो’ हे तुम्हीच कबूल केले. छापील पान हेही वेगळे माध्यमच आहे.)

२०/
आता हा दिग्दर्शक कोण, ते. जब्बार पटेल यांचा जन्म २३ जून १९४२ चा, पंढरपूरचा. शालेय वर्षे सोलापुरात गेली. पंढरपुरात जन्म म्हणून कीर्तन रक्तात, असले सोयीचे समीकरण मी मांडणार नाही. पंढरपुरात हजारो जन्मतात, घाशीराम एकच बसवतो. त्यापेक्षा सोलापूर अधिक सांगते. गिरण्यांचे, अनेक भाषांचे, नाटकवेडे गाव; पुण्या-मुंबईच्या नाट्यव्यवहाराला बाहेरून पाहायला लावणारे.

२१/
पुढे पुण्याचे बी. जे. मेडिकल कॉलेज. या महाविद्यालयाचे मराठी रंगभूमीशी असलेले नाते हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. डॉ. श्रीराम लागू येथलेच, पीडीएच्या आरंभीच्या मंडळींपैकीही. मोहन आगाशे येथलेच, मानसोपचारतज्ज्ञ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ झाले आणि पत्नीसह त्यांनी दौंडला रुग्णालय चालवले. दौंड म्हणजे रेल्वेचे जंक्शन. दिवसा रुग्ण आणि तालमीसाठी पुणे, असा हा संसार होता.

२२/
हा तपशील केवळ कौतुकासाठी देत नाही. त्यात घाशीरामच्या घडणीचे आर्थिक कारण आहे. व्यावसायिक नाटक म्हणजे ठरावीक पात्रे, ‘नाइट’चे पैसे, गावोगावचे दौरे आणि बसमध्ये मावेल एवढे सामान. समूहात उभी राहणारी, नाव नसलेली डझनभर पात्रे, शिवाय गायक आणि वादक, हे ओझे कोणता निर्माता घेईल? महिनोन् महिने विनामूल्य तालमी कोण करील? ज्यांचे पोट नाटकावर नव्हते, तेच. डॉक्टर, विद्यार्थी, नोकरदार. मानवी भिंत हौशी रंगभूमीलाच परवडणारी होती.

२३/
दिग्दर्शक म्हणून पटेल घाशीरामला अचानक पोहोचले नाहीत. त्याआधी तेंडुलकरांचेच ‘अशी पाखरे येती’ त्यांनी पीडीएसाठी बसवले होते. मध्यमवर्गीय घर, एक साधी मुलगी, एक भटका तरुण आणि हलकेफुलके वाटता वाटता आत रुतत जाणारे दुःख. घाशीरामच्या शेजारी ठेवले तर हे नाटक दुसऱ्याच कोणी बसवले असावे असे वाटते. एकाच लेखकाच्या दोन संहिता दोन सर्वस्वी भिन्न प्रयोगभाषांत नेणारा माणूस नुसता अंमलबजावणी करणारा असू शकत नाही.

२४/
पात्रयोजनाही पाहा. नाना हे लंपट खलनायक म्हणून दाखवणे सोपे होते, आणि नाटकावर आरोप करणाऱ्यांना तेच दिसले. आगाशे यांच्या नानांत खट्याळपणा आहे, लाडिकपणा आहे, पाय मुरगळला तरी कोणाच्या तरी पाठीवर तो टेकवायची सहजता आहे. सत्ता येथे डोळे वटारत नाही, ती लाडात येते. म्हणून ती अधिक भयंकर वाटते. समोर रमेश टिळेकरांचा घाशीराम: अपमानाने ताठरलेला, हळूहळू निबर होणारा. या दोन देहांच्या विरोधातून नाटक चालते.

२५/
नाटक थांबल्यावरचा भाग आपल्या वादांत फारच क्वचित सांगितला जातो. संस्थेतली तरुण मंडळी बाहेर पडली आणि २७ मार्च १९७३ रोजी थिएटर अकॅडमी ही संस्था स्थापन झाली. जानेवारी १९७४ मध्ये घाशीराम पुन्हा रंगमंचावर आले. मधला काळ म्हणजे जवळपास वर्षभर. एवढा मोठा समूह, ना प्रयोग, ना उत्पन्न, ना संस्था. तरीही तो फुटला नाही. संहिता कपाटात ठेवली तर जशीच्या तशी राहते. बारा माणसांची एकत्र वळण्याची सवय कपाटात ठेवता येत नाही. ती कोणी टिकवली?

२६/
सतीश आळेकर या प्रयोगात दिग्दर्शनसाहाय्य करत होते. १९७४ सालीच त्यांचे ‘महानिर्वाण’ थिएटर अकॅडमीने केले: कीर्तनाचा बाज, मेलेला माणूस स्वतःच कीर्तनकार. पारंपरिक गानरूप घ्यायचे आणि त्यात आजचा विसंवाद ओतायचा, ही रीत एका प्रयोगातून दुसऱ्या लेखकापर्यंत कशी पोहोचली, याचा माग काढायला संहितांची तुलना पुरणार नाही. त्यासाठी तालमीच्या खोलीत शिरावे लागेल.

२७/
१९८० साली युरोपच्या दौऱ्याचे निमंत्रण आले, बर्लिनच्या महोत्सवाचे. पुन्हा आरडाओरडा. परदेशात मराठ्यांच्या मुत्सद्द्याची बदनामी नको, हा मुद्दा. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. अखेर नाना हे थोर मुत्सद्दी होते, या नाटकातले चित्रण ऐतिहासिक नाही, अशा आशयाचे निवेदन प्रयोगाआधी करून मंडळींनी युरोपात प्रयोग केले.

२८/
त्या निवेदनाकडे इतिहासाचा विद्यार्थी म्हणून नीट पाहा. विरोध करणाऱ्यांना संहितेत बदल मिळाला नाही. प्रयोगात एक भर मिळाली. म्हणजे त्यांनाही मनोमन ठाऊक होते की नाटकाचा परिणाम शब्दांत नाही, प्रेक्षकांसमोर उभे राहण्याच्या त्या दोन तासांत आहे. निवेदन हाही प्रयोगाचाच एक भाग झाला. भिंत उभी राहण्याआधी एक माणूस येऊन सांगतो, ‘ही भिंत खरी नाही.’ आणि मग भिंत उभी राहते.

२९/
आता सर्वांत अप्रिय मुद्दा. वर म्हटले होते की जब्बार पटेल हे नाव इतिहासाच्या वादात क्वचितच येते. माझ्या पाहण्यात ते एकाच प्रकारच्या मजकुरात ठळकपणे येते: दोष वाटताना. नाटकाची थोरवी सांगायची तर ‘तेंडुलकरांचे घाशीराम’. नाटक हे कारस्थान होते असे सांगायचे तर मात्र दिग्दर्शकाचे नाव ठसठशीतपणे घेतले जाते, आणि ते घेताना त्याचे काम सांगितले जात नाही. नावच सांगितले जाते. त्या नावाने वाचकाला काय सुचवायचे आहे, हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक असते आणि वाचणाऱ्यालाही.

३०/
ही इतिहासलेखनाची पद्धत नव्हे. हे आडनावावरून हेतू काढणे आहे. ज्या नाटकाचा लेखक तेंडुलकर, नाना आगाशे, संगीतकार चंदावरकर, साहाय्यक आळेकर, ज्याच्यासाठी पुण्यातल्या तरुणांनी आपली संस्था सोडून नवी उभारली, त्या नाटकाला एका माणसाच्या धर्माचे कारस्थान ठरवायचे तर बाकी सगळे काय झोपेत होते? पुण्याने स्वतःविषयी स्वतःच केलेले हे नाटक होते. त्याच्याशी भांडायचे तर जरूर भांडा. पण ‘बाहेरच्याने केले’ म्हणून सुटका करून घेऊ नका. नाटकातले शहर नेमके हेच करते. शेवटी परक्या घाशीरामला दगड मारते आणि नाना उत्सवाची आज्ञा देतात.

३१/
आणि दुसऱ्या बाजूच्या मित्रांनो, तुम्हीही सुटलेले नाही. ‘बहुजन दिग्दर्शकाने पेशवाई उघडी पाडली’ असे लिहिताना तुम्हीही नावावरूनच अर्थ काढता. त्या माणसाने तालमीत काय केले, याची चौकशी तुम्हीही करत नाही. एकाला आरोपी हवा आहे, दुसऱ्याला झेंडा. दिग्दर्शक कोणालाच नको.

३२/
दिग्दर्शकाची पुढची वाटचाल पाहिली असती तर ही नावाची लढाई दोघांनाही जड गेली असती. ‘सामना’ हा पहिला चित्रपट: पटकथा तेंडुलकरांची, साखर कारखानदारीतला सत्ताधीश निळू फुले, त्याच्या वाटेत आलेला दारुडा मास्तर श्रीराम लागू. १९७५ साली तो बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात होता. १९७७ चा ‘जैत रे जैत’ गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून, ठाकरांच्या जगातला. १९७९ चा ‘सिंहासन’ अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरून, मंत्रालयातला. १९८२ चा ‘उंबरठा’, स्मिता पाटील, महिलाश्रमातला. २००० साली इंग्रजीत ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’, मामुट्टींना राष्ट्रीय पुरस्कार मिळवून देणारा. घाशीराम ज्याला ‘ब्राह्मणद्वेष’ वाटतो त्याने ‘सामना’तली मराठा सत्ता पाहावी. ज्याला केवळ पेशवाईवरचा आसूड वाटतो त्यानेही.

३३/
रंगभूमीवरचे नाव घ्यायचे तर १९७८ चे ‘तीन पैशाचा तमाशा’. ब्रेख्तचे मूळ, पु. ल. देशपांडे यांचे रूपांतर, थिएटर अकॅडमीची निर्मिती. तेथे लावणीच्या शेजारी नंदू भेंडे यांचा रॉक आवाज उभा केला गेला. अभंगाशेजारी लावणी ठेवणारा हात तोच होता. या वेळी लेखक मात्र वेगळा होता. ‘सगळे तेंडुलकरांचेच’ म्हणणाऱ्यांना हे दुसरे उदाहरण.

३४/
पूर्ण न्यायाने हेही नोंदवतो: घाशीरामच्या प्रयोगावर गंभीर टीकाही झाली आणि ती फेटाळण्याजोगी नाही. नाच-गाण्याच्या मोहिनीत नाटकाची राजकीय धार बोथट होते, अत्याचारही देखणा दिसू लागतो, असे काही समीक्षकांचे म्हणणे होते. ललितागौरी तर जवळजवळ मुकीच राहते. ज्या मुलीच्या सौद्यावर नाटक उभे आहे तिला स्वतःचा आवाज नाही. तो दोष संहितेचा की प्रयोगाचा? माझ्या मते दोहोंचा. पण ही टीका करायला प्रयोग पाहावा लागतो. ‘बदनामी’ आणि ‘पर्दाफाश’ यांच्या गोंगाटात हा खरा वाद बुडून गेला.

३५/
घाशीरामची गोष्ट मराठीत तेंडुलकरांनी प्रथम सांगितली असाही समज आहे. १८६३ सालीच मोरोबा कान्होबा विजयकर यांनी ‘घाशीराम कोतवाल’ या नावाचे पुस्तक लिहिले होते. म्हणजे शंभराहून अधिक वर्षे हा कोतवाल छापील मराठीत सुखाने नांदत होता. गोष्ट जुनी होती, छापलेली होती, लोकांना ठाऊक होती. तरी दंगा झाला नाही. दंगा झाला तो भिंत वळल्यावर.

३६/
आता कामाचे. आपल्या विद्यापीठांत नाटक मराठी विभागात ‘साहित्यप्रकार’ म्हणून शिकवले जाते आणि इतिहास विभागात शिकवलेच जात नाही. म्हणून लेखकाचे चरित्र, पत्रे, आवृत्त्या यांवर प्रबंध निघतात. दिग्दर्शकाची तालमीची प्रत, प्रकाशयोजनेचे आराखडे, कपड्यांच्या याद्या, दौऱ्यांचे हिशेब, संगीताच्या चोपड्या यांना साधन मानायची सवय आपल्याला नाही. पेशवे दप्तरातला जमाखर्च आपण डोळ्यांत तेल घालून वाचतो. १९७४ च्या दौऱ्याचा जमाखर्च कोणाच्या तरी माळ्यावर वाळवी खात असेल.

३७/
त्या भिंतीत उभी राहिलेली मंडळी आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. काही गेली. पहिल्या १९ प्रयोगांचे प्रेक्षकही त्याच वयाचे. तुमच्या घरात, शेजारात असे कोणी असेल तर फोनचा रेकॉर्डर लावून बसा. ‘नाटक आवडले का?’ हे विचारू नका. कुठे बसला होता, तिकीट किती होते, बरोबर कोण होते, लोक कोणत्या क्षणी उठून गेले, घरी परतताना काय बोलणे झाले, हे विचारा. जुनी जाहिरात, तिकिटाचा तुकडा, फोटो सापडला तर मागे तारीख व ठिकाण पेन्सिलीने लिहा आणि छायाचित्र काढून ठेवा. पेनाने लिहू नका, शाई पुढच्या बाजूला उतरते.